धुण्याचा दगड, हल्ली मुक्काम नागपूर

अमरावती,
१८ नोव्हेंबर २०२४

शाले,

मायना मागाहून, आधी बातमी. आपला धुण्याचा दगड सापडला. नागपुरात आहे, काचेच्या पेटीत, आणि वरून त्याच्यावर चार दिवे सोडलेत.

तू म्हणशील, माणकीला म्हातारचळ लागला. लागू दे, पण ऐकून घे. परवा नात प्रणाली मला मोबाइलवर नागपुरातलं नवं आशियाई कलेचं संग्रहालय दाखवत होती. चिनी रांजण झाले, जपानी पडदे झाले, तिबेटातली चित्रं झाली, आणि एक काळ्या दगडाची बाई आली. एक पाय खाली सोडलेला, हातात कमळ. खाली लिहिलं होतं, 'तारा. वर्धा नदीच्या काठी सापडली. गावकरी हिची पाठ कपडे धुण्यासाठी वापरत.' बाईला मी कुठून ओळखणार? ती आपल्या काळात चिखलात तोंड खुपसून पडलेली. पण पुढचा फोटो पाठीचा निघाला आणि माझ्या हातातला चहा सांडला. डाव्या कोपऱ्यातला तो खळगा, ज्यात आपण रिठे भिजवायचो, तो तसाच आहे. आपली लग्नं झाल्यावर कोण्या प्रोफेसरानं दगड उलटा केला आणि जीपमध्ये घालून नेला, एवढंच माहेरी ऐकलं होतं. म्हणजे तो इतकी वर्षं शिकत होता आणि आता मोठ्या हुद्द्यावर लागला.

खरी गंमत पुढे आहे. तिथे लिहिलंय, 'पाठीवर दोन ओळींचा झिजलेला लेख आहे. दुसरी ओळ बारीक असून वेगळ्या हातची दिसते. वाचन झालेले नाही.' अगं, लेख कसला, ते माझं नाव आहे. पाट्यांना टाकी लावून देणारी बाई गावात आली होती, तिची टाकी, ती लोखंडी छिन्नी, घेऊन तूच टकटक करत कोरलंस. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. तू बोट ठेवून सांगितलंस, “हे पाय, तुयं नाव.”

माझ्या लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'लीला' लिहिलं आणि माणिक तिथेच संपली. आधार कार्डावर लीला, रेशन कार्डावर लीला, यांच्या फोटोखाली पत्नी लीलाबाई. माझं माहेरचं नाव आता दुनियेत दोनच ठिकाणी उरलंय, त्या दगडावर आणि तुझ्या तोंडात. मला ते डोळ्यांनी पाहायचंय, आणि तुझ्यासोबत पाहायचंय. कधी येतेस ते कळव.

फोन करत नाही. तू कानाचं यंत्र कपाटात ठेवतेस आणि इकडे सून आवाज मोठा करून सगळ्या घराला ऐकवते. पत्र बरं.

तुझी,
माणिक

*

अकोला,
२७ नोव्हेंबर २०२४

माणके,

पत्र मिळालं. वाचून फार आनंद झाला. तब्येतीला जप, चहा सांडण्याइतकं उत्तेजित होणं या वयात बरं नाही. मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, उगाच बोलत नाही.

दगड आपलाच असेल असं मला वाटत नाही. नदीकाठचे काळे दगड सगळे सारखेच दिसतात, आणि खळगा कोणत्याही दगडाला पडतो. शिवाय फोटोवरून ओळख पटत नसते. आमच्या दवाखान्यात एकदा फोटो पाहून भलत्याच माणसाला भेटायला भलतेच नातेवाईक आले होते आणि संत्री ठेवून गेले.

तरी जायचंच असेल तर घाई कशाला? सध्या थंडी आहे, माझे गुडघे धरतात. आपण निवांत मे महिन्यात जाऊ.

मूर्ती तारेची आहे असं लिहिलंस. म्हणजे ती आम्हा बौद्धांची झाली. तेव्हा हळदी-कुंकू आणि नारळ घेऊन जायचा तुझा बेत असेल तर आधीच सांगते, ठेव घरी.

तुझी,
शालू

*

अकोला,
२७ नोव्हेंबर २०२४

बेटा दीपमाला,

हे पत्र वाचून फाडून टाक, जावईबापूंच्या हाती लागू देऊ नकोस.

लीलामावशीचा दगड तुमच्या नागपुरात सापडलाय. दगड आमचाच आहे, मला फोटो न पाहताही कळलं. तिला वाटतं त्याच्यावर मी तिचं नाव कोरलं. नाव आहे, ते खोटं नाही. पण नावापुढे आणखी दोन शब्द आहेत. मी कोरलं ते असं, 'माणकी चोट्टी हाय.'

आम्ही अकरा वर्षांच्या होतो. तुझे आजोबा अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला होते, त्यांनी दिवाळीला लाल, वासाची साबणाची वडी आणली. आमच्या अख्ख्या वस्तीत ती एकच वडी. नदीवर नेली आणि ती गायब झाली. माणकी म्हणाली, “मले काय इचारतं? नदीनं नेली.” दुसऱ्या दिवशी तिच्या केसांना तोच वास. मी तडक गेले, टाकी आणली आणि दगडावर लिहून टाकलं. ती विचारते, “काय लिहिलं वं?” मी म्हटलं, “तुयं नाव.” मला वाटलं होतं घाबरेल. ती तर इतकी हरखली की पुन्हा त्या जागेवर तिनं कधी कपडा आपटला नाही. सगळ्या दगडावर धुणं, तेवढी वीतभर जागा कोरडी. म्हणूनच ती अक्षरं अजून शाबूत असणार, नाहीतर केव्हाच झिजली असती.

इतक्या वर्षांत मला ते सांगता आलं नाही. माझं सगळं बालपण त्या एका मैत्रिणीत आहे, दुसरं कुणी उरलं नाही. तिनं ते वाचलं तर ती मला पत्र लिहायची नाही.

तू एक कर. मावशीला कळव की संग्रहालय दुरुस्तीसाठी पुढच्या दिवाळीपर्यंत बंद आहे. तुला खोटं बोलायला मी कधी शिकवलं नाही, पण हे औषध म्हणून घे.

आणि ट्रंकेतली ती लोखंडी टाकी, जिनं आपण नारळ फोडतो, ती तीच आहे. नदीत पडली असं मी पाटेवाल्या बाईला सांगितलं होतं. हेही कुणाला सांगू नकोस.

जयभीम.
तुझी आई

*

अमरावती,
१० डिसेंबर २०२४

शाले,

मे महिन्यात नागपूरला? तिथे मे महिन्यात कावळा सावलीला बसतो आणि तू मला संग्रहालय पाहायला नेतेस. नर्स होतीस की यमाची बहीण?

मी वाट पाहत बसले नाही. विपुलला म्हटलं, तू संत्र्याच्या गाड्या दिल्लीला पाठवतोस, आईला नागपूरला पाठवता येत नाही का? त्यानं संग्रहालयाला पत्र लिहिलं. तिथल्या आकांक्षा मॅडमचं लगेच उत्तर आलं. मोठी गोड मुलगी दिसते. तिनं लिहिलंय की दगडावर प्रत्यक्ष धुणं धुतलेल्या व्यक्ती अजून हयात आहेत हे वाचून सगळ्यांना फार आनंद झाला. हयात हा शब्द मला आवडला नाही, पण तिचा हेतू चांगला होता. रविवार ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता त्यांनी बोलावलंय. पेटी उघडणार आहेत. प्राचीन लिपी वाचणारे दोन गृहस्थ येणार आहेत.

मी कळवून टाकलंय की त्या दोघांना त्रास द्यायचं कारण नाही. कोरणारी बाई स्वतः अकोल्याहून येईल आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवेल.

आमच्याकडून सध्या अकरा जण आहेत. जेवणाचं मी ठरवत होते. आपल्याकडे रोडग्यांशिवाय कुठे बाहेर जाणं झालंय का? संग्रहालयाला मोठं हिरवळीचं आवार आहे, रोडगे भाजायला गोवऱ्या घरून नेल्या असत्या. पण आकांक्षा मॅडमनी कळवलं की आवारात विस्तव चालत नाही. वांग्याची भाजी तरी चालेल का, असं पुन्हा विचारलंय.

नारळाचं म्हणशील तर ती तुमची तारा असेल, पण सहा वर्षं तिच्या पाठीवर माझ्या बापाची धोतरं धुतली गेली. तिची माफी मागायला नारळ तर नेलाच पाहिजे.

माणिक

*

नागपूर,
१६ डिसेंबर २०२४

आई,

मी मावशीला खोटं कळवणार नाही. एक तर मला जमत नाही आणि दुसरं म्हणजे संग्रहालय उघडं आहे हे अख्ख्या नागपूरला माहीत आहे.

रविवारी मी स्वतः जाऊन पाहून आले. मूर्ती फार सुंदर आहे. चेहरा इतका ताजा आहे की वाटतं, काल घडवली. तिथल्या मुलीनं सांगितलं, पालथी पडली म्हणून वाचली. मागे जाऊन तुझी ओळही पाहिली. काचेतून काही लागत नाही, ठिपकेच ठिपके दिसतात. दोन म्हातारे गृहस्थ तिथे उभे होते. एक म्हणत होता, दान देणाऱ्याचं नाव असावं. दुसरा म्हणत होता, मंत्र असावा. मी मान खाली घालून बाहेर आले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

आणखी एक. खाली खरंच दुसरी ओळ आहे, फार बारीक. ती तुझी आहे का?

तू मावशीला खरं लिही. नंतर दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं. पेशंटच्या नातेवाइकांना तू हेच सांगायचीस.

तुझी,
दीपमाला

*

अकोला,
२४ डिसेंबर २०२४

माणके,

तुझ्या पत्रातली तयारी वाचून मन भरून आलं, पण मला वाईट बातमी द्यावी लागते. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरतंय. डॉक्टर म्हणतात फेब्रुवारीतच करावं लागेल. त्यामुळे येणं कठीण दिसतं, आणि आले तरी वाचता येणार नाही.

तू जाऊन ये. मात्र एक काळजीचा सल्ला देते. जुन्या वस्तूवर काही कोरणं हा आता गुन्हा धरतात असं मी वाचलंय. तू तिथे 'माझं नाव, माझं नाव' म्हणत राहशील आणि उद्या खटला उभा राहील. त्यापेक्षा लेख प्राचीन आहे असं त्यांना वाटतंय तर वाटू दे. त्यात त्यांचाही मान राहतो. त्या दोन गृहस्थांनी काही मंत्र-बिंत्र म्हटलं तर तू फक्त मान हलव.

आणि ती दुसरी ओळ कसली गं? मी तर एकच कोरली होती.

शालू

*

अमरावती,
४ जानेवारी २०२५

शाले,

तुझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं. आठवत नसेल तर सांगते, दवाखान्यात मी चार दिवस डबा घेऊन होते, आणि मुगाच्या खिचडीत मीठ कमी आहे म्हणून तू मला बोल लावले होतेस. डाव्याचं त्याच्या आदल्या वर्षी झालं. आता तिसरा डोळा कुठला काढलास?

आपण दोघी कौंडण्यपूरच्या बाजूच्या, रुक्मिणीच्या माहेरच्या. तिनं एकच पत्र लिहिलं तर देव द्वारकेहून रथ घेऊन आला. मी आता तिसरं लिहिते आहे आणि तू अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत येईनास. तिथून पुढे तर मी गाडी घेऊन उभी आहे.

आता सतरा जण झालेत. व्याह्यांनाही यायचंय. विपुलनं मोठी ट्रॅव्हलर सांगितली आहे. तुझी जागा खिडकीची ठेवली आहे आणि त्यावरून दोन नातवंडांची मारामारी झाली. वांग्याच्या भाजीला मॅडमनी परवानगी दिली, पण मूर्तीपासून शंभर पावलं लांब. नारळ पेटीबाहेर ठेवायचा, फोडायचा नाही, असं ठरलंय.

दुसरी ओळ कसली ते मला काय विचारतेस? मी अडाणी बाई. असेल कुठल्या राजाची. तिथे गेल्यावर वाचू.

आता थट्टा बाजूला. तू खोटं बोलून राहिली आहेस, आणि तुला ते येत नाही. काय असेल ते असो. तू आली नाहीस तर मीही जाणार नाही, सतरा जणांना भाजी खाऊ घालून घरी बसवीन. मला तो दगड एकटीनं पाहायचा नाही. मला माणिक म्हणून हाक मारणारं माणूस बाजूला उभं पाहिजे, नाहीतर तिथे लीलाबाईच जाईल. तिला त्या दगडाचं काय?

माणिक

*

अकोला,
१९ जानेवारी २०२५

माणिक,

दोन आठवडे हे पत्र लिहून फाडते आहे. आज टाकूनच देते.

दगडावर तुझं नाव आहे, पण नुसतं नाव नाही. 'माणकी चोट्टी हाय' असं आहे. तू माझी लाल साबणाची वडी घेतलीस म्हणून मी ते कोरलं. तुला वाचता येत नव्हतं याचा मी फायदा घेतला. तू इतकी आनंदली की मला खरं सांगायचं धैर्य झालं नाही. मग तू त्या जागेला जपायला लागलीस तसं ते आणखी कठीण झालं. नंतर लग्नं झाली, पोरं झाली, आणि प्रत्येक भेटीत मी ठरवायचे की या वेळी सांगू.

खरं सांगायचं तर राग साबणाचाच नव्हता. तुझी आई नदीवर आली की मला दगडाच्या खालच्या अंगाला बसवायची, तुझ्याकडचं पाणी माझ्याकडे यावं, माझ्याकडचं तुझ्याकडे जाऊ नये म्हणून. तिला बोलायची माझी हिंमत नव्हती. तू मात्र मैत्रीण होतीस, म्हणून सगळा राग तुझ्या नावावर काढला.

आता सतरा माणसांसमोर आणि त्या दोन विद्वानांसमोर मी ते मोठ्यानं वाचू शकत नाही. तू ज्या नावाला जपलंस ते तसं नव्हतं. मला माफ कर म्हणत नाही, ते तू ठरव. पण पत्र लिहिणं बंद करू नकोस, मला तेवढंच मागायचं आहे.

शालू

*

अमरावती,
२५ जानेवारी २०२५

शाले,

पत्र बंद करायला मी काय तुझ्यासारखी भित्री आहे?

मला माहीत आहे. एकोणसाठ वर्षांपासून माहीत आहे. तू शिकायला अमरावतीला गेलीस त्या साली मी धाकट्या भावाच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले. चोरूनच, कारण आई म्हणायची, “पोरीले काय कलेक्टर व्हायचं हाय?” अक्षरं लागायला लागली तशी एक दिवस धुण्याचं ओझं घेऊन नदीवर गेले, कुणी नव्हतं, आणि म्हटलं, आता आपलं नाव आपण वाचायचं. बोट ठेवून वाचलं. माझ्या आयुष्यात मी स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य म्हणजे 'माणकी चोट्टी हाय.'

खूप रडले. मग धुणं धुतलं. धुता धुता हसू आलं, कारण साबण मीच घेतला होता. गोठ्याच्या भिंतीत खोचून ठेवला होता. केसांना एकदाच लावला, बाकी दिवस नुसता वास घ्यायची. शेवटी उंदरांनी खाल्ला. तू लिहिलं ते सोळा आणे खरं होतं. त्यानंतरही मी त्या जागेवर कपडा आपटला नाही. वाक्य काही का असेना, माणकी म्हणून कुणी एक होती हे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

माझ्या आईनं तुला खालच्या अंगाला बसवलं, ती चोरी साबणापेक्षा मोठी. ती मी रोज पाहत होते आणि गप्प होते. तिचं नाव दगडावर कुणी कोरलं नाही. ते मी त्या दिवशी नातवंडांना सांगणार आहे, पेटीसमोर उभी राहून. सतरा माणसं उगाच नाही जमवली.

आता दुसरी ओळ. तू कोरून झाल्यावर टाकी परकरात खोचलीस आणि त्या गरीब बाईला सांगितलंस की नदीत पडली. मी शेजारीच उभी होते. वाचता यायला लागल्यावर मी बैलगाडीचा मोठा खिळा आणला आणि तुझ्या ओळीखाली जेवढं जमलं तेवढं खरवडलं. खिळ्यानं केलं म्हणून बारीक आहे, आणि लिहायला नवी शिकले होते म्हणून वाकडं आहे. तिथे लिहिलंय, 'शालू बी.'

लग्नानंतर इतकी वर्षं वाट पाहिली की ही बया कधी तरी बोलेल. नोव्हेंबरात फोटो पाहिला तेव्हा म्हटलं, आता हिला थोडं भाजून काढू. मे महिना, गुडघे, तिसरा डोळा, खटला. तुझ्या थापा प्रणालीला वाचून दाखवल्या. तिला फार आवडल्या.

तर ९ तारखेचं नक्की झालं. सकाळी बडनेऱ्याला उतर, विपुल फलाटावर असेल. पहिली ओळ तू वाचायची, दुसरी मी. मोठ्यानं वाच, त्या दोन गृहस्थांनाही ऐकू गेलं पाहिजे, आणि कानाचं यंत्र लावून ये म्हणजे माझी ओळ तुला ऐकू येईल. आकांक्षा मॅडम ते लिहून घेऊन नव्या पाटीवर घालणार आहेत.

लाल वासाची वडी मी बाजारातून आणून ठेवली आहे, एकसष्ट वर्षं उशीर झाला. तू टाकी आण.

माणकी